टॉवेलाखालची स्क्रीन

माझं तोंड काळं आहे, पण मी चोर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या नावानं सरकारी कागदावर भलतंच लिहिलं गेलं आहे. ‘सदर स्क्रीन सदोष आहे.’ सदोष म्हणे. ज्यानं लिहिलं त्याचं नाव पुढे येईलच, मी काही लपवणार नाही. मी खडकपिंपळीच्या सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरची स्क्रीन. आजवर दुसऱ्यांचंच दाखवत आले, आज माझं ऐका.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला माहीत नाही. थर्माकोलच्या दोन तुकड्यांत दाबून खोक्यात घातलं तेवढं आठवतं. खोकं उघडलं ते देऊळगाव राजाला, वामनराव नावाच्या कापडवाल्याच्या दुकानात. माणूस भाविक. रोज सकाळी माझ्यासमोर उदबत्ती ओवाळायचा आणि माझ्या चौकटीला कुंकवाचं बोट लावायचा. सहा वर्षं मी साड्यांचे काठ आणि पदर दाखवले. तिथं मला कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही. मग माझ्यापेक्षा मोठी, चपटी, चकचकीत अशी दुसरी आली. माझी उदबत्ती तिच्याकडे गेली आणि मी गफ्फारच्या मोटारसायकलवर बसून खडकपिंपळीला आले.

गफ्फार मनानं चांगला. शाळेच्या रस्त्यावर शटरची एक खोली घेऊन त्यानं सेवा केंद्र उघडलं. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, पोरींच्या परीक्षेचे अर्ज, जे लागेल ते. सारं गाव माझ्यासमोर येऊन बसायचं. मी गावातले जन्म पाहिले, लग्नं पाहिली, मेलेल्यांची नावं कमी करताना पाहिली. घरातल्या सुनेला ठाऊक नसतं ते मला ठाऊक होतं, पण मी कधी इकडचं तिकडं केलं नाही.

इकडचं तिकडं करायची सोय गफ्फारनं केली.

झालं असं की अंगठा घ्यायचं मशीन सारखं अडायचं. म्हाताऱ्यांचे अंगठे घासलेले, मशीन ओळखत नसे. मग दुरुस्तीसाठी तालुक्याला फोन लावायचा. तालुक्याच्या ऑफिसात पंजाबराव नावाचा कॉम्प्युटरवाला होता. तो म्हणाला, चाळीस किलोमीटर कोण येणार, मी इथूनच जोडतो. त्यानं गफ्फारकडून एक प्रोग्राम टाकून घेतला. त्याचा नऊ आकडी नंबर आणि एक पासवर्ड. तो ज्याच्याकडे असेल त्यानं आपल्या जागेवर बसून टाकला की माझ्यावर जे आहे ते जसंच्या तसं त्याच्यासमोर दिसणार. माझ्यावरचा बाण त्याच्या हातानं फिरणार. कीबोर्डही त्याचाच चालणार.

सोय वाईट नव्हती. ज्याला एस.टी.चं तिकीट काढून तालुक्याला जावं लागलं असतं, त्याचं काम बसल्या जागी दहा मिनिटांत व्हायचं. मी सोयीला नावं ठेवत नाही. पण घरात आलेला माणूस काम झालं की उठतो. हा उठत नसे. माझ्या खालच्या कोपऱ्यात एक पिवळी पट्टी असायची, ती दिसली म्हणजे पंजाबराव आत आहे. दुपारभर ती पट्टी जळत राहायची. आणि गफ्फारला नंबर लक्षात राहीना, म्हणून त्यानं तो पासवर्डासकट एका चिठ्ठीवर स्केचपेननं लिहिला आणि माझ्याच कपाळावर चिकटवला. साडीला किंमत लावावी तसा. येणारा जाणारा वाचायचा. कोणाला लाज वाटली नाही.

लाज वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. पंजाबराव जोडला की गफ्फार म्हणायचा, “साहेब आले, हात नका लावू.” की लगेच बाया डोक्यावरून पदर घ्यायच्या, सावरून बसायच्या. माणसं सदऱ्याची गुंडी लावायची. कडूबा आजा तर फिरणाऱ्या बाणाला हात जोडून रामराम घालायचा. अरे बाबांनो, मला डोळा नाही. माझ्यावर कॅमेरा नाही. त्याला तुमचं तोंड दिसत नव्हतं, तुमचे कागद दिसत होते. कोणाच्या बायकोला कसला आजार, कोणाच्या जमिनीत कोणाचं नाव, सगळं. तोंड झाकलं आणि कागद उघडे ठेवले, असं वर्षभर चाललं. मी आतून ओरडत होते, पण माझ्या ओरडण्याला आवाज नाही, हीच माझी जात.

आता रुखमाबाईचं सांगते.

रुखमाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवते. सोळा वर्षं झाली. नवरा पुंजाजी होता, तो वारल्यावर दहाव्या दिवशी बाई शाळेच्या चुलीपाशी हजर, कारण पोरं उपाशी राहतील. अशी बाई. त्या साली शाळा समितीचा अध्यक्ष झाला गुलाबराव. त्यानं काय करावं, स्वयंपाकिणींच्या नव्या यादीत रुखमाबाईच्या जागी आपल्या भावजयीचं नाव घातलं. त्या भावजयीनं शाळेची पायरी पाहिली नव्हती. यादी तालुक्याला गेली, लागली. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, कोणाची हरकत असेल तर शुक्रवारी पाच वाजेपर्यंत सेवा केंद्रातून ऑनलाइन पाठवावी, हातचा कागद चालणार नाही.

रुखमाबाईला हे कळलं शुक्रवारीच. जनकाबाई नावाच्या मास्तरीणबाईंनी खिचडी वाढता वाढता सांगितलं. भांडी घासून, हात पुसत बाई दोन वाजता केंद्रात आली. गफ्फार जुम्म्याच्या नमाजला जाऊन तिकडूनच पुढे कुठं गेला होता. खुर्चीवर त्याची बायको शाहजादी होती. पोरगी हुशार. चिखलीला राहून मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली, कीबोर्डकडे न पाहता बोटं चालायची तिची.

माझ्या कोपऱ्यात पिवळी पट्टी जळत होती. सकाळी अंगठ्याचं अडलेलं मशीन चालू करायला पंजाबराव जोडला होता, तो गेलाच नव्हता.

रुखमाबाईनं विचारलं, तो माणूस आत आहे का अजून. शाहजादी म्हणाली, आहे. मग तोड ना त्याले. तर शाहजादी घाबरली. गफ्फारनं तिला बजावून ठेवलेलं की साहेबांची पट्टी आपण तोडायची नाही, साहेब चिडले तर केंद्र बंद पडेल.

आता ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती की पंजाबराव हा गुलाबरावाचा साडू. ज्याच्या विरुद्ध लिहायचं त्याच्याच घरचा माणूस समोर बसलेला.  रुखमाबाईनं खुंटीवरचा गफ्फारचा टॉवेल काढला आणि माझ्या तोंडावर टाकला.

“आता पाह्य म्हणा काय पाह्यतो ते. तुले तर न पाहता येते ना, शाहजादी? मग लिह्य.”

खिडकीला पडदा लावला की बाहेरच्याला दिसत नाही, हा तिचा हिशेब. तिच्या जागी मीही असते तर तेच केलं असतं. पण मी खिडकी नव्हते. टॉवेलाखाली माझ्यासमोर अंधार, आणि शाहजादीच्या बोटातून निघालेलं एकेक अक्षर माझ्या अंगावर उमटत होतं, आणि त्याच घडीला चाळीस किलोमीटरवर पंजाबरावाच्या टेबलावर उमटत होतं.

रुखमाबाई सांगत होती. मी रुखमाबाई पुंजाजी, सोळा वर्षांपासून खिचडी शिजवते. एक दिवस चूल बंद ठेवली नाही. पाणी नव्हतं तेव्हा हंडे डोक्यावर आणले. समितीची बैठक झालीच नाही, बैठकीच्या वहीत माझी सही नाही, मास्तरीणबाई साक्षीला आहेत. गुलाबरावांनी घरी बसून नाव बदललं.  शाहजादीची बोटं टपटप टपटप.

आणि तो वाचत होता. बाण माझ्यावर हळूहळू ओळीखालून फिरत होता, शाळेतलं पोर बोट ठेवून वाचतं तसा. मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? त्यानं मध्येच पुसलं नाही. बाईला सगळं लिहू दिलं. शेवटची ओळ झाली, ‘आपली नम्र’ पर्यंत आली, आणि मग त्यानं सगळी अक्षरं एका झटक्यात निळी केली आणि पुसून टाकली. कोऱ्या पानावर बाण थोडा वेळ गोल गोल फिरवला. मजा वाटली असेल त्याला.

टॉवेल काढला, तर मी कोरी.

शाहजादीचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आपलीच बोटं दुसरीकडे पडली. रुखमाबाईनं माझ्या डोक्यावर एक चापट मारली, दोन मारल्या. म्हणाली, जुनं धूड आणून ठेवलं गफ्फारनं. मी मुकाट्यानं खाल्लं. परत टॉवेल. परत सगळं पहिल्यापासून. या वेळी शाहजादीनं दर ओळीला सेव्ह केलं. टॉवेल काढला तर फाईलच नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते.

शाहजादी रडकुंडीला आली. “मावशी, मशीनच बिघडलं दिसते. उद्या येता का?”

“उद्या यादी पक्की होते, बाई. उद्या येऊन मी काय करू?” रुखमाबाईनं टॉवेल घडी करून खुर्चीवर ठेवला. “आता नाही झाकत. मले पाहू दे.”

बाई चौथी शिकलेली. अक्षर लावून लावून वाचते, पण वाचते. तिनं आपला चेहरा माझ्या इतका जवळ आणला की तिच्या अंगाचा कांदा-हळदीचा वास मला आला असता, नाक असतं तर. शाहजादी लिहू लागली. ‘मी रुखमाबाई पुंजाजी’ एवढं झालं. पुढची ओळ झाली. आणि मग बाईच्या डोळ्यांदेखत तिचं नाव मागून पुढे एकेक अक्षर करून जायला लागलं. शाहजादीचे दोन्ही हात तेव्हा मांडीवर होते.

रुखमाबाई हळूच म्हणाली, “हे मशीन नाही बिघडलं.”

तिनं शाहजादीला लिहायला लावलं: पंजाबराव, तुम्हीच आहात ना.

बाण जागच्या जागी थांबला. मला वाटलं, आता तरी लाजेल.  मग त्या ओळीखाली, कोणी हात न लावता, अक्षरं आली: मशीन खराब आहे. उद्या या.

माझ्या छातीवर. माझ्याच छातीवर त्यानं लिहिलं की मी खराब आहे.

शाहजादीनं आता नवऱ्याचा हुकूम बाजूला ठेवला आणि पट्टी तोडली. पाच मिनिटांत पट्टी परत आली. पुन्हा तोडली, पुन्हा आली. नंबर त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, दार आतून लागणार कसं? तो बदलायचा कुठून ते गफ्फारलाच माहीत, आणि गफ्फारचा फोन लागेना. नेट काढावं तर हरकत जाणार कशी? चार वाजून गेले. रुखमाबाई खुर्चीवर बसली. सोळा वर्षांत ती दुपारची अशी कधी बसली नसेल.

मग शाहजादीलाच सुचलं. तिची बहीण बुलढाण्याला शिकत होती, तिचे सर घरी बसून आपली स्क्रीन साऱ्या पोरींना मोबाइलवर दाखवायचे. तिनं विचारलं, “मावशी, एक जण चोरून पाहून राह्यला. आपणच सगळ्यायले दाखवलं तर?”

रुखमाबाईला आधी कळलं नाही. कळलं तशी तिनं कमरेचा मोबाइल काढून पुढे केला. आजूबाजूच्या गावांतल्या खिचडी शिजवणाऱ्या बायांचा एक ग्रुप होता त्यात. तांदूळ आला का, गॅस संपला का, कोणाच्या घरी बाळंतपण, हेच त्यात चालायचं. शाहजादीनं लिंक तयार केली आणि त्यात टाकली. रुखमाबाईनं बोलून निरोप पाठवला: “बायांनो, हे दाबा आणि नुसत्या पाहत राहा. बोलू नका. माझं नाव कोण पुसते ते पाहा.”

पहिली आली तानुबाई. मग गौसिया. मग मनकर्णाबाई. माझ्या कडेला एकाखाली एक नावं लागत गेली. कोणी भांडी घासता घासता मोबाइल टेकवून ठेवला असेल, कोणी सुनेच्या हातातला ओढून घेतला असेल. चौदा झाल्या. माझ्या साऱ्या आयुष्यात मला इतक्या जणींनी एकदम पाहिलं नव्हतं, आणि त्यात एकही काही घ्यायला आलेली नव्हती.

शाहजादीनं चौथ्यांदा लिहायला घेतलं. पंजाबरावाला सवय झाली होती, त्यानं कडेच्या नावांकडे पाहिलंच नाही. ‘सोळा वर्षांपासून’ पर्यंत आलं आणि त्यानं पुसायला सुरुवात केली. तेवढ्यात रुखमाबाईचा मोबाइल वाजला. मनकर्णाबाई. सांगितलं होतं बोलू नका, पण ती कुठची गप राहते.

“रुखमे, अवं, तुझी सोळा वर्षं खाऊन राह्यला ना तो. काऊन गप बसली?”

रुखमाबाई म्हणाली, “गप नाही बसली. लिहून राह्यली.” आणि तिनं शाहजादीला लिहायला सांगितलं: पंजाबराव, कडेला पाहा. चौदा जणी पाहून राह्यल्या.

बाण कडेला गेला. एकेका नावावरून खाली उतरला. तानुबाईचं गाव म्हणजे त्याचीच सासुरवाडी, त्या नावावर जरा जास्त थांबला. आणि मग पिवळी पट्टी गेली. परत आली नाही.

पाचला दहा कमी असताना हरकत गेली. पोचल्याचा नंबर माझ्यावर हिरव्या अक्षरात आला, तो रुखमाबाईनं हातावर पेननं लिहून घेतला.

आठ दिवसांनी तालुक्याला सुनावणी लागली. पंजाबरावानं आधीच लिहून दिलं होतं की आपण काही पाहिलं नाही, पुसलं नाही. सदर स्क्रीन सदोष आहे, अक्षरं आपोआप जातात. हे कानावर आलं तशी रुखमाबाई केंद्रात येऊन माझ्या वायरी काढायला लागली. गफ्फार समजावून थकला. म्हणाला, “मावशी, स्क्रीनमधी काही राहत नसते. जे काही राह्यते ते खालच्या डब्यात. हिले नेऊन काय करता?”

“हिनं पाह्यलं का नाही?”

“पाह्यलं, पण...”

“मंग हे साक्षीदार हाय. चालन माह्यासंग.”

लुगड्यात गुंडाळून तिनं मला एस.टी.त मांडीवर घेतलं. कंडक्टरनं विचारलं, टी.व्ही. दुरुस्तीला का. बाई म्हणाली, दुरुस्ती हिची नाही, दुसऱ्याची आहे. खड्ड्यागणिक ती मला घट्ट धरत होती. ज्या हातानं मला चापटी मारल्या त्याच हातानं.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर तिनं मला ठेवलं, लुगडं सोडलं. साहेब हसले. पंजाबराव हसला. शिपाई दारात उभं राहून हसला. साहेब म्हणाले, बाई, ही नुसती काच आहे, हिच्यात काय दिसणार. खरं होतं त्यांचं. मला सगळं ठाऊक होतं, प्रत्येक अक्षर, ते कोणत्या क्रमानं गेलं ते, आणि मी टेबलावर काळी ठिक्कर बसले होते. कोणी मला एक वायर लावली नाही. लावली असती तरी मी काय सांगू शकले असते?

रुखमाबाई म्हणाली, हिले बोलता येत नाही, मग हिच्यातून ज्यायनं पाह्यलं त्यायले बोलावते. तिनं दार उघडलं. बाहेर व्हरांड्यात चौदा जणी बसल्या होत्या, सहा गावांच्या, सकाळच्या गाडीनं आलेल्या. एकेकीला आत घेतलं. तानुबाईनं सांगितलं, आधी ‘पासून’ गेलं, मग ‘वर्षां’, मग ‘सोळा’. गौसियाला मराठी वाचता येत नव्हतं, तिनं सांगितलं, अक्षरं उजवीकडून डावीकडे गेली, आणि बाण कडेला नावांवर फिरला तेव्हा सगळ्यात वरच्या नावापाशी अडखळला. मनकर्णाबाई जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण क्रम तोच. पाचव्या बाईनंतर साहेब हसायचे थांबले. नवव्या बाईनंतर त्यांनी पंजाबरावाला उभं राहायला सांगितलं.

रुखमाबाईचं नाव यादीत परत बसलं. समितीला जाब विचारला. आणि पंजाबरावाला काय झालं? समज दिली. लेखी समज. ज्यानं एका बाईची सोळा वर्षं तीनतीनदा पुसली त्याला एक कागद, आणि तो कागद त्यानंच फाईलला लावला. मला हे अजून पचलेलं नाही आणि पचणार नाही.

माझं काय झालं ते ऐका. साहेबांनी मला पुरावा म्हणून ठेवून घेतलं. रुखमाबाईला पावती दिली. प्रकरण मिटलं की परत, असं सांगितलं. प्रकरण कधीच मिटलं, पण माझी फाईल कोणी बंद करत नाही. गफ्फारनं दुसरी स्क्रीन आणली, तिला मी दोष देत नाही. मला इथं लोखंडी कपाटावर ठेवलं, आणि कपाट कुठलं, तर पंजाबरावाच्या टेबलासमोरचं. पहिल्याच आठवड्यात त्यानं स्टुलावर चढून माझं तोंड भिंतीकडे केलं.

मागच्या सोमवारी रुखमाबाई आली होती, तिसऱ्यांदा. शिपायानं तेच सांगितलं, फाईल बंद झाली की. तिनं मान वर करून मला पाहिलं.

“हिचं तोंड काऊन फिरवलं, पंजाबराव? वायर बी नाही तिले.”

तो फाईल चाळत राहिला. बाईनं स्टूल ओढलं, चढली आणि मला खोलीकडे वळवून ठेवलं. कोणी अडवलं नाही. तिला खिचडीच्या वेळेआधी चुलीपाशी पोचायचं होतं, म्हणून लगेच निघाली. तेव्हापासून मी अशीच आहे. पंजाबरावानं दोनदा स्टुलाकडे पाहिलं, पण चढला नाही. जेवायचा डबा घेऊन तो आता बाहेर व्हरांड्यात बसतो.

तुमच्याकडे माझ्यासारखी कोणी असेल तर उठण्याआधी तिचा खालचा कोपरा बघत जा, कोणी आत बसलेला तर नाही ना. बाहेरून आलेल्याला दार दाखवायला साहेबाची परवानगी लागत नाही. आणि आपलं काही बिनसलं की आधी आम्हाला चापटी मारू नका, लागतं.

एवढं करून कोणाचं तालुक्याला येणं झालंच, तर रुखमाबाईला भेटून या. माझी पावती शाळेच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीखाली आहे. ती दाखवा, आणि मला कपाटावरून उतरवून घरी न्या.